प्रतीक्षा गटातली कळशी

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा बट्ट्याबोळ एका स्टीलच्या कळशीनं केला, आणि तरी ती कळशी आठवली की मला हसू फुटतं. आईचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, बट्ट्याबोळ तुझ्या जिभेनं केला, कळशी बिचारी मध्ये सापडली. आईचं बहुतेक खरं असावं, पण त्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

आम्ही पुंडलिकनगरला राहायचो. वडील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, आजोबाही कारकून, त्यांच्या मागचे पंचांग सांगणारे. अशा घरातली मुलगी मानसशास्त्र शिकते म्हटल्यावर गल्लीत दोन तट पडले. काहीजण माझ्यासमोर बोलायचेच बंद झाले, कारण मी त्यांच्या मनातलं ओळखेन अशी त्यांना धास्ती. बाकीचे मुलीची पत्रिका घेऊन यायला लागले. मी पत्रिका बघत नाही म्हटलं की विचारायचे, मग तुम्ही बघता तरी काय?

माझा विषय होता सजगता. मनात चिंता आणि उदासी घर करून बसली असेल, तर सजगतेच्या सरावानं ती कमी होते का, हे मला तपासायचं होतं. सजगता म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे, चांगलं-वाईट न ठरवता, नुसतं लक्ष देणं. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तो बघायचा. मन भरकटलं तर त्याच्यावर न चिडता त्याला परत आणायचं. हे मी आईला मोठ्या उत्साहानं समजावलं तेव्हा ती भाजी चिरत होती. "म्हणजे स्वस्थ बसायचं," ती म्हणाली. "हे मी तुला तू चार वर्षांची असल्यापासून सांगतेय. तेव्हा ऐकलं नाहीस, आता त्यावर पुस्तक लिहिणार." मी चिडले. मी फार चटकन चिडते, आणि सजगतेवर संशोधन करणाऱ्या बाईनं इतकं चिडू नये असं मला आजवर अनेकांनी सांगितलं आहे, त्यांच्यावरही मी चिडलेली आहे.

ती वर्षं दुष्काळाची होती. धरणात मृतसाठा किती उरला हे रोज पेपरात यायचं आणि लोक ते क्रिकेटच्या स्कोअरसारखं एकमेकांना सांगायचे. गंमत म्हणजे त्याच वर्षांत शहर सुटल्यासारखं वाढत होतं. शेंद्र्याच्या बाजूला मुरमाच्या माळावर प्लॉटचे दगड रोवले जात होते, बीड रस्त्याला उंच इमारती उठत होत्या, आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या या गावात नव्या सोसायट्यांची नावं सरिता, सागर आणि निर्झर अशी होती. पाणी आटतं आणि गाव वाढतं, हे दोन्ही एकाच वेळी कसं जमतं हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हा तर मला एवढंच कळत होतं की माझ्या अभ्यासाला लागणाऱ्या बायका मला कारखान्यांजवळच्या बजाजनगरमध्ये सापडतील.

कारण वाळूजच्या कारखान्यांत कामाला लागलेल्या माणसांच्या मागोमाग त्यांच्या बायका तिथं येत होत्या. गावाकडची विहीर आटलेली, नवऱ्याला कंपनीत काम मिळालेलं, आणि बाई एका खोलीत. गावाकडं जिला दिवस पुरायचा नाही तिला इथं दिवस जाता जायचा नाही. तिथल्या एका समाजमंदिराचा हॉल मला बुधवारी दुपारी वापरायला मिळाला. हॉलच्या बाहेर लांबलचक ओटा होता, त्यावर कडुनिंबाची सावली. ओट्याचा या गोष्टीत काही संबंध येईल असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

पहिल्या दिवशीच विकेट गेली. मी सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "महिलांसाठी सजगतेचे मोफत वर्ग." बायका आल्या, भरपूर आल्या, आणि बऱ्याचजणी नटून आल्या. कुणी गजरा माळलेला, कुणी पर्समध्ये कंगवा आणि आरसा घेतलेला. आधीच्या वर्षी कुणीतरी तिथं शिवणाचा वर्ग घेतला होता, त्यामुळे यंदा ब्यूटी पार्लरचा असणार असा सगळ्यांचा समज. एकीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, माझ्या चुरगळलेल्या खादीच्या कुर्त्याकडे आणि तेलकट केसांकडे, आणि शेजारणीला म्हणाली, "ही शिकवणार व्हय सजायला?" सगळ्या हसल्या. मला राग आला, पण हसूही आलं, आणि त्या दिवशी हसू जिंकलं. मी सांगितलं की सजायचं नाही, सजग व्हायचं आहे. काहीजणी उठून गेल्या. उरल्या त्यांना उत्सुकता होती की बिनपैशाचं हे नवीन काय निघालंय.

आता आधी प्रत्येकीचं मन किती खाली गेलंय ते मोजायचं होतं. त्यासाठी प्रश्नांची एक ठरलेली मोजपट्टी असते. तिचं मराठी कुणा विद्वानानं केलेलं होतं, आणि त्यात "दैनंदिन कार्यांतील स्वारस्य लोप पावले आहे का" असा प्रश्न होता. मी तो वाचला की समोरची बाई आदरानं "व्हय" म्हणायची, कारण इतक्या भारी प्रश्नाला नाय म्हणणं तिला बरं वाटायचं नाही. मग मी सरांच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांच्या डोक्यावर बसून परवानगी काढली आणि तिथं साधा प्रश्न घातला, "करमतं का?" त्या एका शब्दानं बायकांचे चेहरे उघडायला लागले. कुणी बोलायची थांबेना, कुणी पदर डोळ्यांना लावला, आणि कुणी म्हणाली, "लई दिवसांनी कुणी इचारलं, बाई."

अशीच एक बाई तिच्या जावेबरोबर आली. पंचविशीची असेल. गंगापूरकडच्या गावातून आदल्या उन्हाळ्यात आलेली. मी विचारलं, करमतं का? तिनं मान हलवली, नाही. जेवण जातं का? मान. झोप लागते का? मान. सगळा वेळ तिच्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. जाऊ मात्र बोलकी. ती म्हणाली, "म्याडम, गावाकडं हिचा आवाज तीन वावरं वलांडून जायचा. हिनं बांधावरून हाक मारली की पल्याडच्या वस्तीवरचं कुत्रं उठायचं. आन् इथं एका खोलीत मला हिचा आवाज ऐकू येईना. भांडत बी नाय वो माझ्याशी. आधी रोज भांडायची."

मोजपट्टीवर तिचे आकडे वर होते, पण धोक्याच्या रेघेच्या अलीकडे. रेघेच्या पलीकडे असलेल्या बायकांना आम्ही सरळ डॉक्टरांकडे न्यायचो. हिला आमच्या वर्गात बसवता येत होतं. माझ्या मनानं घेतलं की बाकी काहीही होवो, या बाईचा तीन वावरांचा आवाज परत आला पाहिजे. संशोधकानं असं मनाशी धरायचं नसतं. सरांनी मला हे शंभरदा बजावलं होतं आणि मी शंभरदा मान डोलावली होती.

पण संशोधनात एक निर्दय नियम असतो. सगळ्यांना एकदम शिकवायचं नाही. अर्ध्या बायकांना आधी शिकवायचं, अर्ध्यांना काहीच न देता थांबवून ठेवायचं, आणि मग दोन्ही गट पुन्हा मोजायचे. शिकलेल्या सुधारल्या आणि थांबलेल्या तशाच राहिल्या, तरच सरावाचा गुण सिद्ध होतो. थांबलेल्या गटाला पुस्तकी भाषेत प्रतीक्षा गट म्हणतात. त्यांना नंतर शिकवायचं असतं, पण आधी थांबवायचं. आणि कोण कुठं जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मी एका स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. बायकांना भिशीची सवय, त्यामुळे डबा हलवला तशी सगळ्यांच्या तोंडावर रंगत आली. जावेची चिठ्ठी वर्गाची निघाली. तिची निघाली थांबण्याची.

मी सरांना फोन केला. म्हटलं, सर, ही एक चिठ्ठी बदलू का? सर म्हणाले, "बदल. मग पुढच्या महिन्यात तुझा विषयही बदल." मी फोन ठेवला, त्यांना मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि चिठ्ठी तशीच ठेवली.

आता आई ज्याला माझी जीभ म्हणते तो प्रकार. प्रतीक्षा गटाच्या बायकांना मी ओट्यावर बोलावलं आणि अगदी सोप्या मराठीत सांगितलं, "तुमचा नंबर लागलेला आहे. आत्ता नाही, या वर्गाचा संपला की तुमचा. तोवर थांबायचं." मला वाटलं, किती स्वच्छ बोलले मी! बायकांनी माना डोलावल्या. एकीनं विचारलं, "नंबर पक्का ना?" मी म्हटलं, पक्का.

पुढच्या बुधवारी मी स्कूटी लावून वर बघते तर प्रतीक्षा गट ओट्यावर ओळीनं बसलेला. मी म्हटलं, "अहो, तुमचा वर्ग आज नाही." "ठाव हाय," एकजण म्हणाली. "मग?" "मग काय? तुमीच म्हनला थांबा." मी हात जोडून समजावलं की घरी थांबा, घरी. त्यावर रांगेच्या टोकाला बसलेली एक म्हातारी बोलली. ही बाई गल्लीतल्या टँकरच्या रांगेची मुकादमीण होती. तिच्या परवानगीशिवाय तिथं कुणाच्या हंड्यात थेंब पडायचा नाही. ती म्हणाली, "बाई, घरी गेलं की नंबर जातो. तुमी पुंडलिकनगरच्या, तुमाला नळ हाय. आमाला रांग ठाव हाय." मग तिनं मला सगळा कायदा सांगितला. नंबर लावला की जागेवर थांबायचं. जायचंच असलं तर जागेवर काहीतरी ठेवून जायचं: हंडा, कॅन, नाहीतर वीट. वस्तू जागेवर असली की माणूस जागेवर आहे असं समजतात.

आणि खरोखरच, त्या ओट्यावर बायकांच्या मधेमधे वस्तू होत्या. एका बाईची चप्पल होती, ती लग्नाला गेली होती. एक वीट होती, तिच्या मालकिणीचं लेकरू तापलं होतं. आणि दारापासून दुसऱ्या जागेवर एक स्टीलची कळशी होती, वर झाकण, झाकणावर छोटा दगड. त्या अबोल बाईच्या जावेनं आत वर्गात येताना ती आणून ठेवली होती. "ती कुठाय?" मी विचारलं. जाऊ म्हणाली, "ती खोलीत पडून हाय. यायला तयार नाय. मी म्हटलं, कमीत कमी तुही कळशी तरी नेते. तर नको म्हनली नाय." माझ्या प्रतीक्षा गटात एक कळशी दाखल झाली होती आणि तिला मोजायची कुठलीही पद्धत माझ्या पुस्तकात दिलेली नव्हती.

मग दर बुधवारी हेच. आत आम्ही डोळे मिटून बसायचो, बाहेर प्रतीक्षा गट प्रतीक्षा करायचा. आणि प्रतीक्षा करताना बायका काही हात बांधून बसत नाहीत. कुणी मेथी निवडायला आणायची, कुणी गोधडीला टाके घालायची, कुणी फुटाणे आणायची. टँकर ड्रायव्हरची नक्कल व्हायची, सासवांचा विषय निघायचा, एकीच्या नवऱ्यानं कंपनीच्या कँटीनमध्ये काय गोंधळ घातला ते रंगवून सांगितलं जायचं. आत मी मऊ आवाजात सांगायची, "जे आवाज ऐकू येतील ते नुसते ऐका. त्यांच्यामागे जाऊ नका." आणि बाहेरून आवाज यायचा, "मंग म्या त्याला म्हनलं, बाबा, तू आधी पँट तर घाल!" डोळे मिटलेल्या माझ्या सगळ्या बायका कान टवकारून त्या आवाजामागे निघून जायच्या. शेवटी एकीनं हात वर केला. "म्याडम, एक इचारू? आमाला बाहेरच्या गटात बदलून भेटंल का?"

मी फार भडकले. दार लावून घेतलं, तर आत उकडायला लागलं. दार उघडलं, तर हशा.

कळशीची जागा मात्र तशीच रिकामी राहायची. म्हणजे कळशी असायची, बाई नसायची. मी जावेला विचारायची, काही फरक? ती मान हलवायची, अगदी तिच्या जावेसारखी. मी वर्गातून येताजाता त्या झाकणावरच्या दगडाकडे बघायची आणि मला वाईट वाटायचं. एवढ्या बायकांच्या हसण्याच्या मधोमध ती कळशी गप्प बसलेली असायची.

एका बुधवारी मी बाहेर आले तर कळशी जागेवर नव्हती. पार शेवटी, खांबाजवळ उन्हात नेऊन ठेवलेली. मी विचारलं, ही कुणी हलवली? म्हातारी शांतपणे म्हणाली, "म्या. इतक्या बुधवारांत मालकीण एकदा बी आली नाय. नुसत्या कळशीचा नंबर किती दिस धरायचा?" मी म्हटलं, "आजी, ती आजारी आहे." "मंग बरी होऊन ये म्हनावं, नंबर लाव म्हनावं." म्हातारी खडूसच होती, कुणाची भीडभाड ठेवणारी नव्हती. मी कळशी परत जागेवर ठेवायला गेले तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट हात मागे घेतला. माझ्या सरांना मी घाबरत नाही, पण त्या म्हातारीला घाबरायची. जावेनं घरी जाऊन हे सांगितलं. "काही बोलली का ती?" मी पुढच्या बुधवारी वर्गात शिरताना विचारलं. "नाय," जाऊ म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून पडली."

त्याच दिवशी आम्ही श्वासाचा सराव करत होतो. नेमकी बाहेरही शांतता होती. मी म्हणत होते, श्वास आत येतोय, श्वास बाहेर जातोय, आणि एकाएकी बाहेरून आवाज आला:

"मही कळशी कुणी सरकवली?"

खिडकीची काच थरथरली म्हटलं तरी फार खोटं होणार नाही. माझ्या सगळ्या बायकांचे डोळे उघडले. जाऊ ताडकन उठली. "म्याडम," ती म्हणाली, "म्याडम, आमच्या हिचा आवाज हाय."

आम्ही दाराशी धावलो. ती ओट्याच्या पायऱ्यांवर उभी होती, केस विस्कटलेले, पदर कमरेला खोचलेला, कळशी काखेत. म्हातारी जागेवरून हलली नव्हती.

"म्या सरकवली. रिकाम्या कळशीला नंबर नसतो."

"कसा नसतो? नंबर कळशीचाच असतो! टँकरवाला का माणसाचं तोंड बघून पाणी देतो का? पहिल्या बुधवारपासून मही कळशी दुसरी हाय. दारापासून दुसरी. सगळ्यायला इचारा!"

"मंग येऊन बसायचं व्हतं."

"नव्हतं करमत मला! करमत नव्हतं म्हून नाय आले! आता आले ना?"

"आली तर बस की. वरडतीस कामून?"

"बसते की! कुणाच्या बापाला भेते का म्या?" आणि तिनं कळशी दणकन दारापासून दुसऱ्या जागेवर ठेवली, शेजारणीला कोपरानं सरकवलं, आणि बसली. धापा टाकत होती. मग तिला कळलं की सगळ्याजणी तिच्याकडे बघताहेत. ती ओशाळली, पदर तोंडावर घेतला. शेजारणीनं तिच्यापुढं फुटाण्यांचा कागद धरला. तिनं पदराआडून हात काढून मूठभर घेतले.

भांडण ऐकून इतका आनंद मला आयुष्यात कधी झालेला नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं, आणि माझी सजगता, साक्षीभाव, चांगलं-वाईट न ठरवणं, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. मी ठरवलं होतं की हे चांगलं आहे. फार फार चांगलं आहे.

त्यानंतर ती एकही बुधवार चुकली नाही. आधी नुसती ऐकायची, मग मधेच एखादा शब्द टाकायची, आणि पावसाळा तोंडावर आला तेव्हा ओट्यावरची टँकर ड्रायव्हरची नक्कल तीच करत होती. म्हातारीशी तिचं दर बुधवारी भांडण व्हायचं, आणि भांडण झालं की दोघी एका पानात खायच्या. जाऊ मला आत येऊन बातमी द्यायची. "काल माझ्याशी बी भांडली. भाजीत मीठ जास्त म्हनली." हे सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा, की जणू जावेनं तिला शालू दिला.

याच सुमारास सर पाहणीला आले. मोठे शिस्तीचे गृहस्थ. फाटकातून आत आले आणि थबकले. ओट्यावर बायका, विटा, चप्पल, कळशी, मेथीच्या काड्या.

"हे कोण?"

"सर, प्रतीक्षा गट."

"त्या प्रतीक्षा करताहेत ते दिसतंय मला. पण इथं का?"

मी सगळं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, या बायकांना काहीच मिळायला नको होतं. हाच तर मुद्दा आहे. आणि यांना तर," त्यांनी ओट्याकडे हात केला. तेवढ्यात कळशीवालीनं त्यांना फुटाणे दिले आणि म्हणाली, "बसा सायेब. पर मागं बसा. नंबर हाय." सर मागं बसले. परत जाताना ते गाडीत बराच वेळ स्वतःशीच हसत होते, असं त्यांच्या ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं.

शेवटी दोन्ही गट मोजले. आतला गट सुधारला होता, चांगला सुधारला होता. सरावाचा गुण होता यात शंका नाही, मी आजही तो शिकवते. पण बाहेरचा गटही जवळपास तितकाच सुधारला होता. दोघांत फरक सापडेना, आणि फरक नाही म्हणजे प्रबंध नाही. मी कळशीवालीला तोच प्रश्न विचारला, करमतं का? ती म्हणाली, "बुधवारी तर करमतंच. बाकीच्या दिवशी बुधवारची वाट बघते, त्यात दिस जातो." मी तिचा आकडा मांडला आणि प्रबंध बुडाला म्हणून रडावं की हिचं ऐकून हसावं, ते मला कळेना. घरी गेल्यावर आईनं आलं घालून चहा दिला आणि म्हणाली, "थांबा म्हणालीस, थांबल्या. आता बोंबलून काय उपयोग?"

ठरल्याप्रमाणे मग मी दार उघडून प्रतीक्षा गटाला सांगितलं की आता तुमचा नंबर आला, आत चला. सगळ्या उठल्या, रांगेनंच आत आल्या, सतरंजीवर बसल्या, डोळे मिटले. थोड्या वेळानं कळशीवालीनं एक डोळा उघडला. "म्याडम, हितं गुदमरतं वो. बाहेर मिटले डोळे तर चालंल का?" मग आम्ही सगळ्याजणी ओट्यावर गेलो. श्वास आम्ही तिथंच बघितला, कडुनिंबाखाली, मधेमधे बोलत.

सरांनी हार मानली, नाहीतर त्यांच्याच मनात तसं होतं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "आता त्या ओट्याचाच अभ्यास कर. एकटीनं वाट बघणं आणि चारचौघींत वाट बघणं यात काय फरक, ते शोध." त्याला आणखी काही वर्षं गेली, पण पदवी मिळाली, आणि आईनं गल्लीत पेढे वाटले.

त्या नव्या अभ्यासासाठी मी पुन्हा बजाजनगरला गेले तेव्हा पुन्हा पाऊस दगा देऊन गेला होता, आणि पुन्हा नव्या बायका आल्या होत्या. म्हातारी आता लेकाकडे राहायला गेली होती. रांगेची मुकादमी आपोआप कळशीवालीकडे आली होती. एका नव्या सुनेला तिची सासू मोजणीला घेऊन आली होती. पोरगी विशीतली, अक्षर बोलेना. पुढच्या बुधवारपासून ती स्वतः आलीच नाही. सासूनं तिची निळी प्लास्टिकची घागर तेवढी ओट्यावर आणून ठेवली.

दोन-तीन बुधवार गेले, आणि मग मी बघितलं की कळशीवाली उठली, इकडंतिकडं बघितलं, आणि ती निळी घागर पायानं ढकलत ढकलत पार खांबापर्यंत नेली. मी धावले. "अहो, हे काय करताय? ती बिचारी आधीच..."

"गप बसा म्याडम," ती म्हणाली. "तिच्या सासूला सांगा, घागर मागं गेली म्हून. दुसरं काय सांगू नगा."

"आणि नाही आली तर?"

"तर पुढल्या बुधवारी पायरीवर नेते."

त्यापुढच्या बुधवारी मी आत सतरंजी अंथरत होते. फाटकाकडून एक बारीक, चिरका, रागानं कापणारा आवाज आला, "मही घागर कुणी हलवली?" मी दाराकडे पळाले. कळशीवाली ओट्यावरून उठत होती. तिनं आपली कळशी बाजूला ठेवली, पदर कमरेला खोचला आणि मोठ्या खुशीत भांडायला निघाली.